अर्ध्यावर राहिलेला माग

भागूबाई माणसाचं तोंड आधी बघत नाही, पाय बघते. तिच्या दारात कुणी आलं की तिची नजर खाली जाते आणि नव्या माणसाला वाटतं, म्हातारी लाजली. लाजणाऱ्यातली ती नाही. चप्पल कुठल्या बाजूनं झिजलीय, टाच पडते की घासते, भार उजव्यावर की डाव्यावर, एवढं बघून झालं की ती मान वर करते, आणि तोवर तिनं तुमची निम्मी कुंडली मांडलेली असते. एकदा ग्रामसेवक यादी घेऊन आला आणि तिचं वय विचारू लागला, तर ही म्हणाली, "वय ऱ्हाऊ द्या. आधी डावा गुडगा डाक्टरला दावा." महिन्याभरात त्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

बारामतीहून इंदापूरला जाताना गायरानाच्या कडेला दोन पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथं ती राहते. वय पासष्टच्या पुढं. जात पारधी. घराण्याचा धंदा तितर-लाव्हे फाशात धरायचा, पण शिकारीवर बंदी आली आणि धंदा गेला. नजर तेवढी राहिली. आता ती एकाची डाळिंबाची बाग राखते. कुणाची शेळी चोरीला गेली, पाण्याची मोटर गेली, उसात बिबट्या शिरला, की लोक आधी हिला बोलावतात आणि मग सरकारी माणसाला फोन लावतात. काम झालं की त्याच लोकांना तिच्या तांब्यातलं पाणी चालत नाही. लोक मोठे स्वच्छ आहेत आपले.

फाल्गुनात एके दिवशी सकाळी आठच्या सुमारास तिच्या दारात जीप थांबली. पंचविशी-सत्ताविशीचा एक तरुण उतरला, पांढरे बूट, रात्रभर न झोपलेला. भागूबाईनं पाय बघितले. डावं पाऊल बाहेर फेकलेलं, टाच जराशी घासणारी. तिच्या हातातला झाडू तसाच राहिला.

"बोरमाळावरनं आलास न्हवं?" ती म्हणाली.

"व्हय आजी. कसं ओळखलं? मी अविराज. आमचे आजोबा काल दुपारपासून सापडेनात. त्यांना विसरायचा आजार आहे, माणसं ओळखत नाहीत, मलाच शिपाई म्हणतात. पोलीस आले, कुत्रं आणलं, ड्रोन उडवला. वरनं नुसते उसाचे शेंडे दिसतात. सगळे म्हणाले, भागूआजीशिवाय हे काम व्हायचं नाही."

"नाव काय आज्याचं?"

"आप्पासाहेब. जमादार म्हणतात सगळे. पोलिसात होते ना."

भागूबाईनं झाडू भिंतीला टेकवला, तोंडावर पाणी मारलं, डोक्यावर वेताची पाटी घेतली आणि आत अभ्यास करत बसलेल्या नातीला हाक मारली. "प्रगते, चल. तुजा फोन घे." 

आता ह्या जमादाराची आणि भागूबाईची काय ओळख, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

बोरमाळाच्या अलीकडं, कालव्याच्या अंगाला, इंग्रजांनी बांधलेली एक दगडी चौकी होती. भिंतीला बंदुका रोखायच्या जंग्या, मागं एक ठेंगणं दार. ती चोरांसाठी नव्हती, एका जातीसाठी होती. आसपासच्या पारध्यांनी तिथं येऊन हजेरी द्यायची, हद्द सोडायची तर परवाना घ्यायचा. इंग्रज गेला, कायदा गेला, पण ते चौकीला कुणी कळवलं नसावं. हजेरी चालूच राहिली.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आप्पासाहेब तिथं जमादार होता. तिशीतला गडी, मिशीला पीळ, घराण्याच्या वळणानं डावं पाऊल बाहेर फेकलेलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यानं पालावर निरोप धाडला, की सोमवारी सगळ्या बाप्यांनी चौकीवर यावं, दुष्काळी कामावर नावं घालायची आहेत, सुकडी आणि मिलो ज्वारीचं वाटप आहे. पोटात आग पडलेली. सात जण निघाले. भागूच्या बापाला, तात्याबाला, ताप होता, म्हणून त्याच्या जागी तिचा भाऊ रामहरी गेला. वीस वर्षांचा होता. तितराची अशी शीळ घालायचा की तितरं बिचारी चालत फाशात यायची. त्या दिवशी तोच शिळेला फसला.

सात जण आत गेले आणि दार लागलं. कुण्या बड्या घरी दरोडा पडला होता आणि वरनं आरोपी मागितले होते. तिसऱ्या दिवशी सहा जण बाहेर आले, ते चालत नव्हते, सरपटत होते. रामहरी आला नाही. जमादारानं सांगितलं, "बेडी तोडून पळाला रात्री. फरारी."

भागू तेव्हा तेरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती चौकीभोवती फिरून आली. रामहरीच्या उजव्या पायाला करंगळी नव्हती, त्याचा ठसा लाखात ओळखू यायचा. तो आत गेला होता. बाहेर आलाच नव्हता. मागच्या ठेंगण्या दारातून मात्र दोन बूट निघाले होते, एक पुढं, एक मागं, पावलं आखूड, टाचा मातीत रुतलेल्या. दोघांत मिळून काहीतरी जड उचललं होतं. मागच्याचं डावं पाऊल बाहेर फेकलेलं. भागू त्या मागावर निघाली. एक मातीची ताल, म्हणजे उंच बांध, होती, तिला वळसा घालून माग कालव्यात उतरला. कालवा कोरडा ठाक, तळाला मुरूम, त्यात वावटळ उठली आणि माग गेला. जन्मात तिच्या हातून सुटलेला तो एकच माग.

तिनं बापाला सांगितलं, बापानं मोठ्या साहेबाला. साहेब हसला. "पोरगी जमिनीवरचं वाचते होय? शाळेत घाला तिला." आणि कागदावर तांबड्या शाईनं लिहिलं गेलं, रामहरी तात्याबा पारधी, फरारी. मग फरारी पोराच्या बापानं दर सोमवारी चौकीवर येऊन हजेरी द्यायची, असा हुकूम झाला. तात्याबानं चौदा वर्षं दिली. जमादार विचारायचा, "कुठं लपीवलाय पोराला?" आणि म्हातारा म्हणायचा, "तुमालाच ठावं, सायेब." ह्या उत्तराला दर वेळी काठीचा तोच प्रसाद. एका सोमवारी तात्याबा चौकीच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. त्या दिवशीची त्याची हजेरी मात्र नीट मांडलेली होती.

पुढं चौकी बंद पडली, छप्पर बसलं. दुसऱ्या बुटाचा शिपाई मरून गेला. आप्पासाहेब निवृत्त होऊन बोरमाळावरच राहिला, चौकीमागची जमीन घेतली, ऊस केला, सोसायटीचा चेअरमन झाला, हार घालून घेतले. बाप गेल्यापासून भागूबाई त्याच्यासमोर एकदाही गेली नाही. बाजारात त्याच्या पावलाचा ठसा दिसला तर त्यावर पाय ठेवायची, टाच करकचून फिरवायची आणि मग भाजी घ्यायला जायची. लोक म्हणत, म्हातारी सोसून बसली. कसलं सोसणं घेऊन बसलात! ती दबा धरून होती.

गेल्या वर्षी प्रगतीनं तिला एक गोष्ट सांगितली होती. प्रगती बारामतीला इतिहासात एम.ए. करते. ती म्हणाली, "आज्जे, अमेरिकेत पण असंच होतं बघ. गोऱ्या सैनिकांनी रानाच्या कडेनं लाकडी कोट घालून लष्करी ठाणी बांधली. तिथले मूळचे लोक शिकारीवर जगायचे. आधी त्यांना ठाण्यावर बोलावून तह केले, घोंगड्या दिल्या. मग शिकार संपवली, आणि शिधा घ्यायला ठाण्यावर येऊन उभं राहावं लागायला लागलं. ठरलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की सैनिक मागावर. आणि माग काढायला त्यांच्यातलीच माणसं पगारावर."

भागूबाई म्हणाली, "आमाला मिलो दावला. लाल. त्योबी अमेरिकेचाच व्हता म्हनत्यात." आणि हसली. "मग त्या लोकान्नी काय केलं?"

"काहींनी ठाणी जाळली."

"आन् मग?"

"मग आणखी मोठी ठाणी आली."

"मंजी जाळून उपेग न्हाय," भागूबाई म्हणाली, आणि विषय संपला असं प्रगतीला वाटलं.

तर अशी ही ओळख. जीप बोरमाळावर पोचली. बंगल्याच्या अंगणात पन्नास-साठ माणूस जमलेलं, चहाचे कागदी कप सगळीकडं. अविराजची आई हवालदिल उभी होती. माग काढणाऱ्याला आधी विडा द्यायचा अशी इकडची रीत आहे. विडा दिल्याशिवाय माग काढणारा उंबऱ्यापुढं पाऊल टाकत नाही, आणि विडा देणाऱ्यानं सगळ्यांसमोर बोली करायची. अविराजनं ताटात पान-सुपारी आणली. हल्लीची पोरं रीत पाळतात, पण रीतीला दात असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

"काय बोली करतुस?" भागूबाईनं विचारलं.

"आजी, आजोबा सापडू द्या. तुम्ही मागाल ते देईन."

"मागंन त्ये?"

"मागाल ते. सगळ्यांसमोर सांगतो."

लोकांत कुणी म्हणालं, म्हातारी पत्रे मागंल. दुसरा म्हणाला, शेळी मागंल. भागूबाईनं विडा उचलला, तोंडात घातला आणि चावून चावून खाल्ला. मग म्हणाली, "सगळी हितंच थांबा. गर्दीत माग मरतुया. निस्ती माझी नात येईल."

बंगल्याच्या मागं शेणखताच्या ढिगापाशी तिला पाऊल सापडलं. अनवाणी. डावं बाहेर फेकलेलं, टाच ओढलेली. म्हातारपणानं ते आणखी वाकडं झालं होतं, पण तेच. भागूबाई खाली बसली आणि तिनं त्या ठशावर हात फिरवला नाही, त्यावर थुंकली. लालभडक विड्याची पिंक.

"आज्जे!" प्रगती दचकली.

"गप. चल."

सगळ्यांनी म्हातारा रस्त्याला लागला असेल म्हणून सांगवी गावाच्या अंगाला धुंडाळलं होतं. माग मात्र पडक्या चौकीकडं निघाला. चौकीत आता वेड्या बाभळी माजल्या होत्या. म्हातारा पुढच्या दारानं आत शिरला होता, आत बराच वेळ येरझाऱ्या घातल्या होत्या, आणि मग मागच्या ठेंगण्या दारानं बाहेर पडला होता. भागूबाई त्या दारात थबकली. दाराबाहेर पावलं आखूड झाली होती. जड काही उचलल्यासारखी.

"ह्येच्या हातात काय न्हवतं," ती पुटपुटली. "काल काय न्हवतं."

पुढं अविराजचा ऊस होता, सपाट, ठिबकाच्या नळ्या टाकलेला. सरळ सरीनं जायचं सोडून माग एकाएकी वळला, मोठा अर्धगोल घेतला आणि परत सरळ लागला. प्रगतीला कळेना. "इथं काय आहे वळायला?"

"काय न्हाय. पन् व्हती. ताल व्हती हितं." भागूबाई म्हणाली. "पोरी, त्यो आताच्या रानातनं न्हाय चालल्याला. त्यो त्या रातीतनं चालल्याला हाय."

माग कालव्यात उतरला. पाण्याचं आवर्तन संपून चार दिवस झाले होते, तळाला ओला गाळ, आणि गाळात पावलं छापल्यासारखी उमटलेली. बावन्न वर्षांपूर्वी इथंच मुरूम होता, इथंच वावटळ आली होती. भागूबाई काठावर उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यात दुःख थोडं आणि राग फार होता. अर्धवट राहिलेला माग ज्याचा होता, त्यानंच आपल्या पायानं पुरा करून ठेवला होता.

पाऊल कालव्यातून दोनशे कदम खाली गेलं, पलीकडं चढलं आणि पुन्हा उसात शिरलं. उसाच्या मधोमध एक तुकडा पडीक होता, जेमतेम दोन गुंठे, मधोमध बुजलेल्या विहिरीचा गोल. तिथं आप्पासाहेब बसला होता. धोतर फाटलेलं, ओठ उललेले, पाय सुजलेले. त्यानं पावलांचा आवाज ऐकला आणि मान वर केली.

"कोन हाय? हजेरी दिली का?"

"हजर," भागूबाई म्हणाली.

तिच्या तोंडून गेलंच ते. बापाबरोबर जाऊन जाऊन लागलेली सवय, इतक्या वर्षांनी जिभेवर तशीच. ते आपल्या कानानं ऐकल्यावर तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं दात आवळले आणि विचारलं, "रामहरी तात्याबा?"

"फरारी," जमादार चटकन म्हणाला. मग इकडंतिकडं बघून त्यानं बुजलेल्या विहिरीवर हातानं थोपटलं, पोराला निजवतात तसं, आणि आवाज खाली आणला. "वरडू नकोस. हितं हाय त्यो. कुनाला सांगायचं न्हाय."

प्रगतीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि पुढं झाली. भागूबाईनं तिचं मनगट धरलं.

"तीन दिस रामहरी पानी मागत व्हता. सहा जनांनी ऐकलं. ह्येनं दिलं न्हाय."

"आज्जे, मरेल तो."

"मरू दे."

बाटली तिघांच्या मध्ये जमिनीवर राहिली. ऊन चढत होतं. म्हातारा बाटलीकडं बघत ओठ चाटत होता आणि भागूबाई म्हाताऱ्याकडं बघत होती. माग पुसायला बाभळीचं एक शिरं पुरलं असतं. परत जाऊन सांगायचं, माग लागला न्हाय, पळून गेला असंल. लिहा फरारी. बावन्न वर्षं तिनं हेच वाक्य घोळवून ठेवलं होतं आणि आता ते अगदी जिभेवर आलं होतं. सांगायला मला लाज वाटत नाही, त्या क्षणी तिनं ते केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

मग ती एकदम प्रगतीकडं वळली. "दे. पानी दे त्याला. घोट घोट दे, ठसका लागंल."

प्रगतीनं तिच्याकडं चमकून बघितलं.

"तशी बघू नकोस. माया न्हाय आली मला. मेला तर सुटंल त्यो. मला जित्ता पायजे."

तिनं डोक्यावरची पाटी काढली आणि विहिरीच्या गोलाला टेकलेल्या शेवटच्या पावलावर पालथी घातली. माग संपला की शेवटचा ठसा असा झाकायचा, आणि पंचांनी येऊन बघितल्याशिवाय पाटी उचलायची नाही. जिथं माग संपला त्या जागेच्या धन्यानं जाब द्यायचा. रीत तिच्या बापाच्याही आधीची.

"जा. अविराजला आन. एकट्याला नको. अंगनातली समदी मानसं आन. फौजदारालाबी आन."

अर्ध्या तासात उसातून माणसं घुसली. अविराज आजोबांकडं धावला, त्यांना मिठी मारली, रडला. मग भागूबाईच्या पायाशी वाकला. "आजी, लई उपकार झाले. चला घरी."

"माग पुरा झाला न्हाय," भागूबाई म्हणाली. तिनं पाटीवर हात टेकला होता. "आज्याचा झाला. माज्या भावाचा न्हाय. ही जमीन कुनाची?"

"आमचीच."

"मग पडीक का?"

अविराज अडखळला. "आजोबा ह्या तुकड्यात नांगर घालू देत नाहीत. कधीच नाही. बाबा होते तेव्हा त्यांनी एकदा घातला होता तर आजोबांनी बंदूक काढली होती."

"का त्ये इचारलं न्हाईस कुनी?"

सगळ्यांनी विहिरीच्या गोलाकडं बघितलं, आणि मग जमादाराकडं. तो प्रगतीच्या हातातली बाटली ओढत होता आणि म्हणत होता, "वरडू नकोस, वरडू नकोस."

"खन," भागूबाई अविराजला म्हणाली.

गर्दीतला एक जण पुढं झाला. "म्हातारे, बोली माग काढायची होती. आता हे काय नवीन?"

"बोली मागंन त्ये देयाची हाय. साठ मानसांनी ऐकली. विडा माज्या पोटात हाय."

अविराजच्या अंगात जमादाराचं रक्त होतं, पण शब्द त्याचा स्वतःचा होता. त्यानं फोन काढला आणि जेसीबी बोलावला. फौजदार नवा होता, त्यानं कागद काढले आणि पंचनामा सुरू केला. उसाच्या चार सऱ्या आडव्या करून यंत्र आत आलं. भागूबाई पाटीजवळून हलली नाही. दुपारी चार वाजता, पंधरा-सोळा फुटांवर, चालकानं हात वर केला आणि यंत्र थांबलं. पुढची माती माणसांनी हातानं काढली.

हाडं निघाली. पायांच्या दोन हाडांभोवती लोखंडी बेडी होती, गंजलेली, कुलूप लावलेलं, आणि कुठं तुटलेली नाही.

"बेडी तोडून पळाला व्हता न्हवं?" भागूबाई म्हणाली. तिनं ते मोठ्यानं म्हटलं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मग तिनं पाटी उचलली.

पुढं काय व्हायचं ते झालं. गुन्हा नोंदला गेला. डॉक्टरांनी लिहून दिलं, की म्हाताऱ्याला काही समजत नाही, खटला चालवता येणार नाही. प्रगती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून आली. तिचं म्हणणं एवढंच, रामहरीच्या नावापुढचा फरारी शब्द खोडून द्या. कळलं, की एवढी जुनी दप्तरं कधीच नष्ट केली. जे कागदावर नाही ते खोडायचं कसं? भागूबाईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "कागूद गेला. तोंड हाय की."

अविराज तिच्या घरी आला. हात जोडले. म्हणाला, "आजी, तो तुकडा तुमच्या नावावर करतो. रामहरीबाबांची समाधी बांधतो."

"मी मागंन त्ये म्हनला व्हतास. तुजं तू का ठरवतुस?"

"मग मागा."

"दर सोमवारी सकाळी सात वाजता तुज्या आज्यानं चौकीच्या पायरीवर येऊन हजेरी द्यायची. मला."

अविराजच्या आईनं आकांत केला, भाऊबंद म्हणाले हा छळ आहे. छळच होता. भागूबाई कुठं नाही म्हणत होती? पण बोली साठ माणसांत झाली होती, आणि बोरमाळावर अजून शब्द मोडणाऱ्याच्या घरी सोयरीक करत नाहीत. पहिल्या सोमवारी जीप पडक्या चौकीपुढं थांबली.

ज्या पायरीवर तात्याबा गेला, त्याच पायरीवर भागूबाई बसली होती. आप्पासाहेबाला खाली उन्हात उभं केलं. तिनं नाव घेतलं. त्यानं टाचा जुळवल्या, निदान जुळवायला बघितलं, आणि म्हणाला, "हजर." अंगात मुरलेली शिस्त आजारानंही जात नाही म्हणायची.

"रामहरी तात्याबा?"

"फरारी."

"खोटं. परत सांग."

"फरारी."

"परत."

अर्धा तास हे चाललं. तो थकून खाली बसला तेव्हा तिनं सोडलं. दुसऱ्या सोमवारीही फरारी, तिसऱ्याही. माणसं बघायला यायला लागली, काही हसायला, काही नुसतीच. रामहरीबरोबर गेलेल्या सहांपैकी एकटा जिवंत होता, तोही काठी टेकत आला आणि एका बाजूला उभा राहिला. प्रगती एकदा म्हणाली, "आज्जे, त्याला आठवतच नाही. तू कुणावर सूड उगवतेस?" भागूबाई म्हणाली, "पाय इसरलं न्हाईत न्हवं? तोंडबी इसरलं नसंल."

अकराव्या सोमवारी ऊन कडक होतं. तिनं विचारलं, "रामहरी तात्याबा?" आणि जमादारानं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. त्यानं मागच्या ठेंगण्या दाराकडं बघितलं. त्याचं डावं पाऊल जमिनीवर घासायला लागलं.

"मयत," तो म्हणाला. "पानी मागत व्हता. म्या मारला. ह्या हातानं."

जिवंत राहिलेला तो साथीदार म्हातारा मटकन खाली बसला. अविराजनं आजोबांना धरलं, त्याचेही डोळे वाहत होते. भागूबाईनं डोळे मिटले होते. तिचे ओठ हलत होते, पण ती कुणाशी बोलत होती ते आपल्याला माहीत आहे, सांगायला नको.

मग अविराज पायरीपाशी आला. "आजी, बोलले ते. सगळ्यांनी ऐकलं. आता झालं ना?"

भागूबाईनं डोळे उघडले. आधी त्याच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"माज्या बापानं चौदा वर्सं दिली," ती म्हणाली. "तुज्या आज्याचं अकरा सोमवार झाल्यात."

तिनं पाटी उचलली, डोक्यावर घेतली आणि बाभळीतून वाट काढत निघाली. चार पावलं जाऊन थांबली.

"पुडच्या सोमवारी सात म्हंजी सात. उशीर झाला, तर फरारी धरीन."